घरी रोज बायबल वाचतो, पण वाचलेलं आत उतरतच नाही

पहाटवाचक
नमस्कार मंडळी, लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहूनच टाकतो. सहा वर्षं झाली, वर्षभरात अख्खं बायबल संपवायच्या प्लॅनने वाचतोय, रोज तीन-चार अध्याय, टिक मारली की झालं. पाच वेळा उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत पोचलो. आणि मागच्या महिन्यात मुलीने (वय १२) सहज विचारलं, बाबा आज सकाळी काय वाचलंत, तर मला आठवेना. पुस्तकाचं नाव आठवलं, यहेज्केल, पण आत काय होतं ते काही केल्या आठवेना. वाचून दोन तासही झाले नव्हते.

दुसरी गोष्ट त्याहून जास्त लागलीय. आमच्याकडे संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना असते, वाचतो मी, अर्थ सांगतो मी, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मुलाने (वय १५) काही केलं असेल तर त्याला बरोबर लागेल असंच वचन मी शोधून काढतो. इफिसकरांस ६ मधलं आईबापांच्या आज्ञेत राहा हे इतक्यांदा वाचलंय की परवा तो शांतपणे म्हणाला, "बाबा, जरा पुढचंही वाचा ना." पुढे काय आहे तुम्हाला माहीत आहेच, बापांनो आपल्या मुलांना चिडीस आणू नका. मी पुस्तक मिटलं, कशीबशी प्रार्थना उरकली आणि उठलो. रात्री झोप नाही लागली.

तर विचारायचं हे की तुम्ही घरी नेमकं कसं वाचता? पुस्तकातला सल्ला नको, तुमच्या घरात खरंच काय घडतं ते सांगा.

ओंजळ
दादा, आधी हे लिहिल्याबद्दल आभार, आमच्या घरीही हेच चालायचं, फक्त शोधून काढायचं वचन वेगळं. मी नीतिसूत्रे वापरायचे, आळशाला मुंगीकडे जा म्हणणारं. माझी लेक अजून मुंगी म्हटलं की तोंड फिरवते, आणि त्याला कारण मी आहे.

आमच्याकडे बदल झाला तो एका साध्या नियमाने. वाचणाऱ्याने अर्थ सांगायचा नाही. वाचायचं, पुस्तक मिटायचं, आणि मग घरातल्या एकाने आठवेल तसं ते परत सांगायचं, बाकीच्यांनी काय सुटलं ते सांगायचं. बस्स. पहिल्या आठवड्यात लक्षात आलं की सगळ्यात जास्त सुटायचं माझ्याकडूनच, कारण मला गोष्ट "माहीत" होती.

उधळ्या पुत्राची गोष्ट (लूक १५) मी लहानपणापासून ऐकतेय. बापाचा पैसा उधळून कंगाल झालेला मुलगा दूरदेशी बसून बापाला काय म्हणायचं ते मनात जुळवतो, त्यात तीन गोष्टी असतात: मी पाप केलंय, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला योग्य नाही, मला एका मजुरासारखं ठेवा. १८ आणि १९ वचन. आता २१ वचन उघडून बघा. बापासमोर उभा राहिल्यावर तो पहिल्या दोनच म्हणतो. तिसरी त्याच्या तोंडून निघतच नाही, बाप मध्येच दासांना हाक मारतो, झगा आणा. हे माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने पकडलं. तिला परत सांगायचं होतं ना, म्हणून तिने मोजून ठेवलं होतं, आणि विचारलं, "आई तो मजुराचं का नाही बोलला?" मी चाळीस वर्षं ही गोष्ट ऐकली आणि ते मजुराचं वाक्य राहून गेलंय हे मला कधी दिसलंच नव्हतं. त्या दिवशी मी काही शिकवलं नाही, आम्ही दोघी नुसत्या बसून राहिलो.

शोधतोय२
वाचतोय. खूप जवळचा विषय.

जुनी_खूण
पहाटवाचक, वर्षभराच्या प्लॅनला एकदम टाकून देऊ नका, एवढंच आधी सांगतो, कारण आता सगळे "हळू वाचा" म्हणतील आणि ते अर्धंच खरं आहे. स्कॉटलंडमध्ये डंडी गावचा एक तरुण पाळक होता, रॉबर्ट मरे मॅकशेन, त्याने १८४२ साली आपल्या मंडळीसाठी, म्हणजे चर्चच्या लोकांसाठी, रोजच्या वाचनाचं कॅलेंडर बनवलं, वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. आज जे प्लॅन चालतात त्यातल्या कितीतरी प्लॅनचा तो बाप. पण लोक ते कोष्टक घेतात आणि त्याच्याबरोबर त्याने काय लिहिलं ते घेत नाहीत. त्याने स्वतःच धोके लिहून ठेवलेत: वाचन नुसता रिवाज होईल, वाचून झालं की माणसाला आपण धार्मिक झालो असं वाटायला लागेल, लक्ष न देता वाचलं जाईल, आणि काहींना ते जू जड होईल. तुमचा यहेज्केल तिसऱ्या धोक्यात बसतो. फायद्यांमध्ये त्याने आईबापांचाही विचार केलाय, मुलांशी रोज बोलायला एक ठरलेला विषय मिळेल म्हणून.

भरभर वाचल्याशिवाय देश दिसत नाही आणि पायी चालल्याशिवाय गाव दिसत नाही, दोन्ही लागतं. मी सकाळी मोठा भाग वाचतो, त्यात कळलं नाही तरी पुढे जातो, आणि रात्री त्यातलीच चार-पाच वचनं घेऊन बसतो. रात्रीचं हे बसणं मात्र मी सोडत नाही.

आणि अध्याय-वचनांच्या आकड्यांवर फार विसंबू नका. मूळ लिखाणात ते नव्हतेच. आज आपण वापरतो ते अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टनने पाडले, आणि नव्या करारातल्या वचनांचे आजचे आकडे १५५१ साली रोबेर एतियेन नावाच्या छापखानेवाल्याने घातले. सोयीसाठी उत्तम, पण पुष्कळदा सुरी भलतीकडेच फिरलीय. १ करिंथकरांस १३, प्रीतीचा अध्याय, लग्नात वाचतात तो. त्याला १२ आणि १४ च्या मधे ठेवून वाचा, मग कळेल की तो नवरानवरीसाठी लिहिलेला नाही, कुणाचं कृपादान (देवाने दिलेली देणगी) मोठं यावरून भांडणाऱ्या मंडळीला लिहिलाय. प्रीती हेवा करत नाही हे वाक्य मग गोड वाटत नाही, टोचतं.

मीठ_आणि_दिवा
काका पूर्ण सहमत. संदर्भ सोडून वचन घेणं ही आमच्या पिढीची मोठी अडचण झालीय, सकाळी मोबाइलवर सुंदर फोटोवर एक वचन येतं आणि दिवसभराचं बायबल वाचून झालं असं वाटतं. यिर्मया २९:११ घ्या, तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत. परीक्षेच्या आधी, मुलाखतीच्या आधी, सगळीकडे हेच. मीही भिंतीवर लावलं होतं. मग एका मोठ्या अपयशानंतर रागाने मी तो पूर्ण अध्याय वाचला. ते बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्या लोकांना पाठवलेलं पत्र आहे, आणि त्याच्या बरोब्बर आधीच्या वचनात ७० वर्षं म्हटलंय. सत्तर! म्हणजे ऐकणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बहुतेकांना परत जाणं बघायलाच मिळणार नव्हतं. आणि अजून एक अध्याय मागे गेलात तर हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळं नीट होईल म्हणून सांगतोय, लोकांना तेच हवं होतं, आणि यिर्मया म्हणतो देवाने त्याला पाठवलेलंच नाही. मी भिंतीवर यिर्मयाचं वचन लावून मनात हनन्याचं ऐकत होतो. ते वचन अजून भिंतीवर आहे पण आता त्याच्या शेजारी पाचवं वचनही लिहिलंय, घरं बांधा, बागा लावा, त्यांचं फळ खा. जिथे आहात तिथे जगा. याने जास्त आधार मिळाला, खरंच.

शोधतोय२
@मीठ_आणि_दिवा हे वाचून गप्प झालो. माझ्याही भिंतीवर तेच आहे.

मला एक विचारायचंय, मनन म्हणजे नक्की करायचं काय? सगळे मनन करा म्हणतात. मी डोळे मिटून बसतो आणि दोन मिनिटांत ऑफिसात पोचलेलो असतो.

निळी_वही
मी कॅथलिक आहे, आमच्यात लेक्सिओ दिव्हिना म्हणून वाचायची जुनी मठातली रीत आहे. बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या एका मठाधिपतीने तिच्या चार पायऱ्या मांडल्या: वाचन, मनन, प्रार्थना, ध्यान. त्याने जेवणाची उपमा दिलीय, वाचन म्हणजे घास तोंडात घालणं, मनन म्हणजे चावणं, प्रार्थनेने चव कळते, आणि ध्यान म्हणजे ती गोडीच. आपण बहुतेक जण घास घालून न चावता गिळतो.

पण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर मला पहिल्या स्तोत्रात सापडलं. त्याच्या नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करतो, तिथे जो मूळ हिब्रू शब्द आहे, हागा, त्याचा अर्थ डोळे मिटून गप्प बसणं असा नाहीये, तो आवाजाचा शब्द आहे. पुटपुटणं, गुणगुणणं. यशया ३१ मध्ये सिंह आपल्या शिकारीवर गुरगुरतो तिथे हाच शब्द, आणि यशया ३८ मध्ये पारवा घुमतो तिथेही हाच. म्हणजे मनन तोंडाने करायचं असतं! तू डोळे मिटूच नकोस. एक वाक्य घे, ऐकू येईल इतक्या हळू आवाजात म्हण, परत म्हण, दर वेळी वेगळ्या शब्दावर जोर दे. परमेश्वर *माझा* मेंढपाळ आहे. परमेश्वर माझा मेंढपाळ *आहे*. मन ऑफिसात गेलं तर जाऊ दे, तोंड चालू ठेव, ते परत येतं. मी चालताना करते.

शोधतोय२
ताई हे कुणी आधी का नाही सांगितलं!! आज रात्रीच करून बघतो.

एकटी_वाचणारी
इथे सगळ्यांच्या घरी सगळे मिळून बसतात असं दिसतंय. माझ्या घरी मी एकटीच वाचते. नवऱ्याचा विश्वास नाही, विरोध करत नाहीत पण बसतही नाहीत, मुलगा सहा वर्षांचा. कधीकधी वाटतं मी करतेय ते कौटुंबिक म्हणायचंच नाही का? कुटुंबप्रमुखाने वाचायचं असतं असं मंडळीत ऐकते तेव्हा मान खाली जाते.

ओंजळ
ताई मान खाली घालू नका. पौलाचा तरुण सोबती तीमथ्य, त्याचं घर बघा. प्रेषितांची कृत्ये १६:१, आई विश्वास ठेवणारी यहूदी, बाप हेल्लेणी, म्हणजे ग्रीक. आणि पौल २ तीमथ्य १:५ मध्ये त्याच्या विश्वासाचं मूळ सांगताना आजी लोईस आणि आई युनीके ही दोनच नावं घेतो. बापाचं नाव आपल्याला माहीतच नाही. पुढे ३:१५ मध्ये म्हणतो की तुला बाळपणापासून पवित्र शास्त्राची माहिती आहे. कुणी दिली? तुमच्यासारख्याच एका बाईने, तुमच्यासारख्याच घरात.

जुनी_खूण
पोरी, एक करून बघ. मुलाला वेगळं बसवू नकोस. तू तुझं वाचतेस तेच मोठ्याने वाच, घरात आवाज जाईल असं. अनुवाद नावाच्या पुस्तकात, ६ व्या अध्यायात, घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना बोलत जा असं आहे, त्यात ठरलेली बैठक कुठेच नाही. नवऱ्याला बोलावूही नकोस आणि त्याला ऐकवायचं म्हणून आवाज चढवूही नकोस. फिलिप्प रथाजवळ धावत गेला तेव्हा (प्रेषित ८) त्याला तो हबशी षंढ यशया वाचताना *ऐकू* आला, म्हणूनच पुढचं बोलणं झालं.

एकटी_वाचणारी
काका, ओंजळताई, मनापासून आभार. डोळ्यात पाणी आलं.

मीठ_आणि_दिवा
एक अवघड विषय काढतो. मुलांसोबत सलग वाचलं की शास्ते येतं, इफ्ताहाची मुलगी येते, बापाच्या नवसापायी बळी गेलेली. मागे माझ्या मुलाने विचारलं की देवाने तिला का नाही वाचवलं, इसहाकाला तर बळी देताना वाचवलं होतं. मी काहीतरी जुळवून उत्तर दिलं आणि त्याला ते पटलं नाही हे त्याच्या तोंडावर दिसलं. असे भाग तुम्ही गाळता का?

ओंजळ
शास्ते १९, एका बाईवरच्या अत्याचाराचा अध्याय, मी गाळते, सरळ सांगते, मुलं लहान आहेत. बाकी गाळत नाही. पण जुळवलेलं उत्तरही देत नाही आता. "मलाही कळत नाही, मलाही वाईट वाटतं" एवढं म्हणते. मुलांना आपलं न कळणं चालतं, आपलं खोटं त्यांना बरोबर कळतं.

निळी_वही
यावर थोडं लांब लिहिते, क्षमा असावी. माझी आई शेवटचे चार महिने अंथरुणाला खिळून होती. मी रोज तिच्यापाशी स्तोत्रं वाचायचे, आणि आधी काय करायचे तर निवडून आनंदाची वाचायचे, २३, १०३, १२१, रडकी टाळायचे, तिला त्रास होईल म्हणून. एक दिवस बोटाने खूण करून तिने पान उलटायला लावलं आणि ८८ वर थांबवलं. ते स्तोत्र तुम्ही वाचलंय का माहीत नाही. बाकीच्या बहुतेक विलापाच्या स्तोत्रांत शेवटी कुठेतरी वळण येतं, १३ वं बघा, पहिल्या दोन वचनांत चार वेळा कोठवर कोठवर असं विचारतं पण शेवटी गाणं म्हणतं. ८८ वळत नाही. शेवटचा शब्द अंधार. मला वाचवेना. ती म्हणाली, "वाच, हे माझं आहे." पूर्ण वाचलं. मग ती म्हणाली, "बघ, हेही आत ठेवलंय." एवढंच. तिला त्या दिवशी गाढ झोप लागली.

तेव्हापासून मी माझ्या मुलांसाठी काही गाळत नाही, वय बघून थांबते फक्त. अंधार म्हणून संपणारी प्रार्थना ज्या ग्रंथात ठेवलीय त्या ग्रंथाला माझ्या सारवासारवीची गरज नाही असं मला वाटतं.

मीठ_आणि_दिवा
ताई... धन्यवाद. मुलाशी परत बोलतो. इफ्ताहाच्या अध्यायात देव त्या नवसावर एक शब्दही बोलत नाही हे आत्ता परत वाचताना दिसलं, आणि मी देवाच्या वतीने भरभरून बोलत बसलो होतो.

शोधतोय२
अपडेट: चार दिवस झाले, पुटपुटून वाचतोय. योहान घेतलाय. काल १८ व्या अध्यायात पेत्र अंगणात शेकत उभा असतो ना, ते तीनदा म्हटलं, "कोळशांचा विस्तव". आणि हे आधी कुठेतरी ऐकलंय असं सारखं वाटत राहिलं. शोधलं तर पुढे, २१ व्या अध्यायात! प्रभू पुन्हा उठल्यावर समुद्रकिनाऱ्यावर शिष्यांसाठी मासळी भाजतोय, तिथेही कोळशांचा विस्तव. ज्या विस्तवापाशी पेत्राने प्रभूला तीनदा नाकारलं तसल्याच विस्तवापाशी त्याला तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस काय. मी अंगावर काटा येऊन बसलो. कुणीतरी हे आधी सांगितलंच असेल, पण मला कुणी सांगितलं नव्हतं.

जुनी_खूण
बाळा, नव्या करारात मूळ भाषेतला तो शब्द या दोनच ठिकाणी येतो. आणि हे तुझं तुला सापडलं, याचा मला फार आनंद झाला.

पहाटवाचक
मंडळी, महिनाभर काही लिहिलं नाही, सगळं वाचत होतो. आता सांगतो काय झालं ते.

आधी इफिसकरांस ६ परत काढलं. सगळ्यांसमोर चौथं वचन मोठ्याने वाचलं आणि मुलाला म्हणालो की हे मला लिहिलेलं आहे आणि मी तीन वर्षं ते उडवत आलो, मला क्षमा कर. तो काही बोलला नाही. मान हलवली.

मग मार्क सुरू केलं. ओंजळताईंचा नियम लावला, वाचणाऱ्याने अर्थ सांगायचा नाही, आणि मला ते इतकं जड गेलं की पहिले काही दिवस मी चक्क हात तोंडावर ठेवून बसायचो. रोज थोडंसंच. चौथ्या अध्यायात वादळात प्रभू उशीवर डोकं ठेवून झोपलाय ती उशी फक्त मार्कातच आहे, हे बायकोला सापडलं, तिने मत्तय आणि लूक काढून पडताळलं.

पाचवा अध्याय, याईराची मुलगी, आम्ही चार दिवस घेतला. ठाऊक असलेली गोष्ट. सभास्थानाचा अधिकारी याईर पाया पडतो, माझी मुलगी मरणाच्या दारी आहे, प्रभू निघतो, वाटेत ती रक्तस्रावाची बाई मागून येऊन वस्त्राला शिवते, प्रभू थांबतो, कोण शिवलं म्हणून विचारतो, ती सगळं खरं सांगते. तिसऱ्या दिवशी परत सांगायची पाळी मुलीची होती. सांगता सांगता ती थांबली, म्हणाली, बाई बारा वर्षं आजारी आणि मुलगी बारा वर्षांची, म्हणजे ही जन्मली तेव्हापासून ती आजारी. मग हळूच, "मी पण बाराची." आणि मग तिने विचारलं की प्रभू त्या बाईला मुली म्हणतो ना, ते याईरासमोरच म्हणतो का? मी बघितलं. हो, याईर तिथेच आहे, त्याच्या मुलीला वाचवायला निघालेला माणूस दुसऱ्याच कुणाला तरी मुली म्हणून हाक मारतोय आणि तेवढ्यात घरून निरोप येतो की तुझी मुलगी मेली.

खोलीत कुणी बोललं नाही. मला इतकं काही सांगायचं होतं, हात तोंडावर होताच.

मुलगा म्हणाला, "ती बाई सगळं सांगत होती तेवढा वेळ याईर काय करत होता?"

मी परत पूर्ण भाग वाचला. म्हणालो, लिहिलेलं नाही रे.

तो म्हणाला, "थांबला होता. ओरडला नाही." आणि थोड्या वेळाने, "मी असतो तर ओरडलो असतो." मी म्हणालो, मीपण.

चौथ्या दिवशी शेवट वाचला, तलीथा कूम, म्हणजे मुली ऊठ, आणि मग प्रभू सांगतो तिला काहीतरी खायला द्या. आमची प्रार्थना त्या दिवशी मुलाने केली, दोन वाक्यांची. कित्येक महिन्यांनी केली.

आज सहावा अध्याय आहे. वाचायची पाळी त्याची.